०.३ टक्क्यांची नशा

अमेरिकेत हेम्पपासून तयार केलेला, नशा आणणारा पदार्थ दुकानात विकणे आणि ग्राहकाने तो विकत घेणे कायदेशीर आहे की नाही, या प्रश्नाला त्या देशात एकच एक उत्तर नाही. राज्य कोणते, पदार्थ खाण्याचा की ओढण्याचा, त्यातले रसायन झाडात आपोआप तयार झालेले की प्रयोगशाळेत घडवलेले, आणि तपासणी कोणत्या टप्प्यावर झाली, यांनुसार ते उत्तर बदलत जाते. या गुंत्याचा उगम एका कायद्यातील एका व्याख्येत आहे. २० डिसेंबर २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कृषी सुधारणा कायद्याने, ज्याला तिथे ‘फार्म बिल’ म्हणतात, हेम्पला अंमली पदार्थांच्या संघीय यादीतून वगळले. परंतु हे करताना त्याने पिकाची व्याख्या केली आणि पिकापासून निघणाऱ्या मालाबाबत मौन पाळले. ग्राहकाचे किमान वय, एका मात्रेतील नशेचे प्रमाण, पाकिटावरील इशारा, विक्रीचा परवाना यांपैकी कशाचाही त्या व्याख्येत उल्लेख नव्हता. पुढची सात वर्षे हे मौन भरून काढण्यात गेली आणि त्या कामात काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, राज्यांची विधिमंडळे व न्यायालये या सर्वांनी हात घातला. तरीही शंकेचे ओझे अखेर पडले ते गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या विक्रेत्यावर आणि ग्राहकावर.

आकड्याची कुळकथा

हेम्प आणि मारिवाना या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन जाती नाहीत. ज्याच्या फुलोऱ्यापासून आपल्याकडे गांजा आणि पानांपासून भांग होते, त्याच कॅनाबिस सॅटायव्हा या झाडाची ती कायद्याने केलेली दोन खाती आहेत. या झाडात कॅनाबिनॉइड या वर्गातील शंभराहून अधिक रसायने आढळतात. त्यांपैकी डेल्टा-९ टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे बोलण्यातले टीएचसी, मुख्यतः नशा आणते, तर कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, नशा आणत नाही. २०१८ च्या कायद्यानुसार कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी असलेले झाड, त्याचे सर्व भाग, अर्क, कॅनाबिनॉइड आणि त्यांचे समघटक, म्हणजे अणू तेच पण त्यांची मांडणी निराळी असलेली रसायने, हे सारे हेम्प ठरले. त्या मर्यादेपलीकडचे सारे मारिवानाच राहिले.

हा ०.३ चा आकडा औषधशास्त्रातून आलेला नाही. कॅनडाचे अर्नेस्ट स्मॉल आणि अमेरिकेचे आर्थर क्रॉन्क्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ साली या झाडाच्या उपजाती वेगळ्या ओळखण्यासाठी, सोयीची म्हणून, ही रेषा आखली होती. वाळलेल्या फुलोऱ्यातील टीएचसी मोजून झाडांचे वर्गीकरण करणे एवढाच तिचा हेतू होता आणि शेतातील पिकापुरती ती उपयोगीही होती. मात्र तीच रेषा कारखान्यातून निघणाऱ्या खाद्यपदार्थाला लावली की हिशेब पार उलटतो. चार ग्रॅम वजनाच्या एका गमीत, म्हणजे चघळण्याच्या मऊ गोळीत, ०.३ टक्के या दराने १२ मिलिग्रॅम टीएचसी बसते, आणि ज्या राज्यांत मारिवानाची विक्री परवान्याने चालते त्यांपैकी अनेक ठिकाणी एका मात्रेची कमाल मर्यादा ५ किंवा १० मिलिग्रॅम आहे. ३५५ मिलिलिटरच्या शीतपेयाच्या डब्याला तीच टक्केवारी लावली, तर एक ग्रॅमहून किंचित अधिक टीएचसी, म्हणजे अशा शंभराहून अधिक मात्रा त्यात सामावतात. पदार्थ जितका जड, तितकी त्यात कायदेशीर नशा अधिक, असा हा विपरीत नियम तयार झाला.

दुसरी फट याहून सूक्ष्म होती. ताज्या फुलोऱ्यात टीएचसी थोडे असते. बहुतांश भाग टीएचसीए या त्याच्या आम्लरूपात असतो, जे स्वतः नशा आणत नाही, पण उष्णता लागताच कार्बन डायऑक्साइड सोडून टीएचसी बनते. रूपांतरात वजन घटत असल्याने एकूण टीएचसी काढताना टीएचसीएला ०.८७७ ने गुणून त्यात डेल्टा-९ मिळवतात. ज्या फुलात डेल्टा-९ केवळ ०.२ टक्के आणि टीएचसीए २० टक्के आहे, ते व्याख्येतील शब्दांप्रमाणे हेम्प ठरते. पेटवल्यावर मात्र त्याचे एकूण टीएचसी १७.७ टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणजे ओढणाऱ्याच्या दृष्टीने तो सरळ गांजाच असतो. संघीय कृषी खात्याने २०२१ च्या अंतिम नियमांत कापणीपूर्व तपासणीसाठी एकूण टीएचसीच मोजण्याची अट घातली, परंतु ती शेतापुरती होती; दुकानातील बरणीत भरलेल्या फुलाला कोणता हिशेब लावायचा, हा वाद तसाच राहिला.

सीबीडीची मंदी आणि प्रयोगशाळेतील वाट

कायदा होताच शेतकऱ्यांनी सीबीडीच्या आशेने मोठ्या प्रमाणावर हेम्प लावला. अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मात्र सीबीडीला खाद्यपदार्थातील घटक म्हणून मान्यता दिली नाही. सीबीडी हे जून २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या एपिडिओलेक्स या अपस्माराच्या औषधातील सक्रिय द्रव्य असल्याने ते अन्नात घालता येत नाही, ही त्या संस्थेची भूमिका होती. मागणीपेक्षा पुरवठा कितीतरी वाढला, २०१९ नंतर सीबीडीचे घाऊक भाव कोसळले आणि गोदामांत पडून असलेल्या मालाला गिऱ्हाईक शोधण्याची पाळी प्रक्रिया करणाऱ्यांवर आली.

तोडगा रसायनशास्त्रात आधीपासूनच होता. इस्रायलचे राफाएल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली टीएचसीची रचना उलगडली होती आणि सीबीडीवर आम्लाची क्रिया केल्यास त्याचे टीएचसीच्या समघटकांत रूपांतर होते, हेही १९६० च्या दशकातच प्रसिद्ध झाले होते. त्यांपैकी डेल्टा-८ टीएचसी झाडात अगदी अल्प असते आणि त्याची नशा डेल्टा-९ पेक्षा सौम्य असते. २०२० पासून ते सीबीडीपासून घाऊक प्रमाणात तयार होऊ लागले. कायद्याची मर्यादा केवळ डेल्टा-९ ला असल्याने आणि समघटकांचा समावेश हेम्पच्या व्याख्येतच असल्याने, हे उत्पादन वैध असल्याचा उत्पादकांचा युक्तिवाद होता. पाठोपाठ डेल्टा-१०, एचएचसी, टीएचसी-ओ, टीएचसी-पी अशी नावे गॅस स्टेशनांच्या आणि स्मोक शॉपच्या फळ्यांवर दिसू लागली. या प्रक्रियेत द्रावके, आम्ले आणि उत्प्रेरक वापरले जातात, आणि शुद्धीकरण नीट झाले नाही तर त्यांचे अवशेष व अनोळखी उपपदार्थ मालात राहतात. औषधाच्या कारखान्याला जी तपासणी चुकत नाही, ती येथे कोणी करावी, हे संघीय कायद्याने सांगितलेच नव्हते.

न्यायालयांनी काढलेला अर्थ

अंमली पदार्थ अंमलबजावणी संस्थेने, म्हणजे डीईएने, ऑगस्ट २०२० मध्ये कृत्रिमरीत्या मिळवलेले सर्व टीएचसी पहिल्या अनुसूचीतच, म्हणजे सर्वांत कडक बंदीखाली, राहतात असे जाहीर केले; परंतु झाडातून काढलेल्या सीबीडीचे रूपांतर करून मिळवलेला पदार्थ कृत्रिम म्हणायचा की हेम्पजन्य, हा प्रश्न त्यातून सुटला नाही. त्यावरचे पहिले महत्त्वाचे उत्तर आले ते व्यापारचिन्हाच्या भांडणातून. ‘केक’ या नावाने डेल्टा-८ चे व्हेप, म्हणजे वाफ ओढण्याची साधने, विकणाऱ्या एके फ्यूचर्स या कंपनीने बॉइड स्ट्रीट डिस्ट्रो या लॉस अँजेलिसमधील विक्रेत्यावर बनावट माल विकल्याचा दावा लावला. मूळ मालच बेकायदा असल्याने त्याच्या चिन्हाला संरक्षण मिळू शकत नाही, असा विक्रेत्याचा बचाव होता. नवव्या सर्किटच्या, म्हणजे संघीय न्यायविभागाच्या, अपील न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो फेटाळला. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत, हेम्पपासून निघालेले आणि डेल्टा-९ ची मर्यादा पाळणारे डेल्टा-८ त्यांत बसते, आणि काँग्रेसकडून फट राहिली असेल तर ती बुजवणे हे काँग्रेसचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाने उद्योगाला बळ दिले, पण त्याचा आवाका मर्यादित होता, कारण एखादा पदार्थ संघीय यादीबाहेर असणे आणि राज्याला त्यावर बंदी घालता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ च्या कायद्याने राज्यांना अधिक कडक नियम करण्याची मुभा दिली होती. अट एवढीच होती की दुसऱ्या राज्याकडे चाललेली हेम्पची वाहतूक अडवायची नाही. ओढण्याच्या हेम्पवरील इंडियानाच्या बंदीबाबत सातव्या सर्किटने २०२० मध्ये, व्हर्जिनियाच्या कायद्याबाबत चौथ्या सर्किटने जानेवारी २०२५ मध्ये आणि आर्कान्सॉच्या २०२३ च्या कायद्याबाबत आठव्या सर्किटने जून २०२५ मध्ये राज्यांच्याच बाजूने कौल दिला. मालाचा ट्रक राज्य ओलांडून जाऊ शकतो, पण तोच माल त्या राज्यातील दुकानात उतरवला तर तो गुन्हा ठरू शकतो, असा या निकालांचा व्यवहारातला अर्थ आहे.

राज्याराज्यांची निराळी वाट

नियमनाचा सर्वांत बारकाईने पाहण्याजोगा प्रयोग मिनेसोटाचा आहे. तिथे १ जुलै २०२२ पासून हेम्पजन्य टीएचसी असलेले खाद्यपदार्थ आणि पेये २१ वर्षांवरील ग्राहकांना विकण्याची मुभा मिळाली. एका मात्रेत ५ आणि एका पाकिटात ५० मिलिग्रॅम ही मर्यादा, मुलांना सहज उघडता न येणारे वेष्टन, प्राणी किंवा फळांच्या आकारांना मनाई अशा अटी तीत होत्या. ही तरतूद एका मोठ्या विधेयकाच्या पोटात संमत झाली आणि आपण नेमके काय संमत केले हे काही आमदारांना नंतर कळले; तरीही टक्केवारी सोडून मिलिग्रॅम मोजण्याचा मुद्दा तिने पकडला होता. पुढे मद्याच्या दुकानांतून टीएचसीची पेये विकली जाऊ लागली आणि विक्री घटलेल्या बिअर कारखान्यांना त्यांनी हात दिला.

टेक्सासची वाट याच्या अगदी उलट आणि कमालीची वळणाची ठरली. मारिवाना प्रौढांनाही निषिद्ध असलेल्या या राज्याने २०१९ मध्ये हेम्पला मान्यता दिली आणि काही वर्षांत हजारो दुकानांनी विक्रीसाठी नोंदणी केली. राज्याच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये डेल्टा-८ बेकायदा असल्याचे संकेतस्थळावर जाहीर करताच ऑस्टिनच्या एका उत्पादकाने न्यायालयात धाव घेतली आणि त्या भूमिकेला स्थगिती मिळवली. २०२५ मध्ये उपराज्यपाल डॅन पॅट्रिक यांच्या आग्रहाने विधिमंडळाने सीबीडी आणि नशा न आणणारेच सीबीजी हे वगळता सर्व कॅनाबिनॉइडवर बंदी घालणारे विधेयक संमत केले. राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी २२ जून रोजी नकाराधिकार वापरून ते रोखले आणि मद्याप्रमाणे नियमन करावे, असे सुचवले. त्यानंतरच्या विशेष अधिवेशनांतही एकमत झाले नाही. अखेर सप्टेंबरमध्ये व्हेपच्या विक्रीवरील वेगळी बंदी लागू झाली आणि राज्यपालांच्या आदेशाने २१ वर्षांची अट व ओळखपत्राची तपासणी आली. एका वर्षात तोच दुकानदार बंदीच्या उंबरठ्यावर उभा राहिला, वाचला आणि नव्या अटींखाली आला.

मारिवानाला मोकळीक देणारी काही राज्ये हेम्पजन्य नशेबाबत कडक आहेत, ही गोष्ट वरकरणी विसंगत वाटते; तिचे कारण आर्थिक आहे. कोलोराडोने २०२१ मध्येच रासायनिक रूपांतराने मिळवलेल्या कॅनाबिनॉइडला खाद्यपदार्थांत मनाई केली. कॅलिफोर्नियात राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांच्या पुढाकाराने सप्टेंबर २०२४ मध्ये आणीबाणीचे नियम आले आणि हेम्पच्या खाद्यपदार्थांत टीएचसीचा मोजता येईल असा अंशही चालणार नाही, असे ठरले. या राज्यांत परवानाधारक मारिवाना विक्रेता भरमसाठ कर, शेतापासून दुकानापर्यंतचा मागोवा आणि सक्तीची तपासणी यांचा खर्च सोसतो. शिवाय पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीतील पदार्थाच्या व्यापाऱ्याला नेहमीचा धंद्याचा खर्च वजा करू न देणारे संघीय करसंहितेचे कलम २८०-ई त्याला लागू होते, तर हेम्प विकणाऱ्या शेजाऱ्याला ते लागू होत नव्हते. मारिवानाला अशी मोकळीक नसलेल्या राज्यांतही चित्र एकसारखे नाही: जॉर्जियाने ऑक्टोबर २०२४ पासून गमी आणि पेये २१ वर्षांवरील ग्राहकांसाठी चालू ठेवून टीएचसीएयुक्त फुलावर बंदी घातली. आयडाहोत मात्र ग्राहकाच्या मालात टीएचसीचा लवलेशही खपत नाही.

प्रमाणपत्राचा कागद आणि दुकानदार

अशा नकाशात किरकोळ विक्रेत्याच्या हाती बचावाचे साधन असते ते प्रयोगशाळेच्या तपासणी प्रमाणपत्राचे, ज्याला या धंद्यात सीओए म्हणतात. पाकिटावरील क्यूआर कोड उघडला की एक तक्ता दिसतो: वर नमुन्याचा बॅच क्रमांक आणि तारीख, खाली एकेका कॅनाबिनॉइडचे नाव, मोजता येण्याची किमान मर्यादा, दर ग्रॅमला मिलिग्रॅम आणि टक्केवारी. डेल्टा-९ च्या ओळीत बहुधा ०.३ च्या आतला आकडा किंवा ‘आढळले नाही’ असा शेरा असतो आणि दुकानदार तेवढे पाहून समाधान मानतो. परंतु त्याच तक्त्यातील टीएचसीएची ओळ, तळाशी दिलेली एकूण टीएचसीची बेरीज, जड धातू व द्रावकांच्या अवशेषांचे पान जोडले आहे की नाही, आणि हातातील पाकिटाचा बॅच क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो की नाही, या चार गोष्टींवर त्याची सुरक्षितता प्रत्यक्षात अवलंबून असते.

कागद खरा असूनही निष्कर्ष वेगळा निघू शकतो, कारण मोजण्याची पद्धत उत्तर बदलते. वायू-वर्णलेखन पद्धतीत नमुना तापवला जात असल्याने, विशेष प्रक्रिया केलेली नसेल तर, त्यातील टीएचसीएचे टीएचसी होते आणि आकडा वाढतो. द्रव-वर्णलेखनात दोन्ही घटक वेगळे मोजले जातात. डेल्टा-८ आणि डेल्टा-९ यांच्या आलेखातील शिखरे इतकी जवळ येतात की निष्काळजी मोजणीत ती एकमेकांत मिसळतात. पोलिसांच्या प्रयोगशाळेने एका पद्धतीने आणि उत्पादकाने दुसऱ्या पद्धतीने काढलेले आकडे समोरासमोर आले की दुकानदार कागद दाखवत राहतो आणि माल जप्त होतो. नमुने सोयीचा निकाल देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवण्याची प्रवृत्तीही या धंद्यात आहे, आणि तिचा फायदा उत्पादकाला होत असला तरी जोखीम फळीवर माल मांडणाऱ्याची असते.

ग्राहकाची जबाबदारी

ग्राहकाच्या बाजूने पहिला प्रश्न आरोग्याचा आहे. एफडीएने दिलेल्या माहितीनुसार १ जानेवारी २०२१ ते २८ फेब्रुवारी २०२२ या काळात देशातील विषबाधा नियंत्रण केंद्रांकडे डेल्टा-८ शी संबंधित २,३६२ प्रकरणे आली आणि त्यांपैकी ४१ टक्के १८ वर्षांखालील मुलांची होती. प्रसिद्ध चिप्स आणि मिठायांच्या पाकिटांची हुबेहूब नक्कल हे त्यामागचे एक कारण होते, आणि जुलै २०२३ मध्ये एफडीए व संघीय व्यापार आयोग यांनी अशा मालाच्या विक्रेत्यांना मिळून इशारापत्रे पाठवली. बारावीच्या विद्यार्थ्यांपैकी ११.४ टक्क्यांनी गेल्या वर्षभरात डेल्टा-८ घेतल्याचे २०२३ च्या ‘मॉनिटरिंग द फ्यूचर’ या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले.

दुसरा प्रश्न नोकरीचा. लघवीच्या चाचणीत शोधले जाते ते टीएचसीचे शरीरात होणारे विघटनद्रव्य, आणि ते हेम्पमधून आले की मारिवानातून, हे चाचणी सांगत नाही. नॉर्थ कॅरोलायनातील एका महिलेने चाचणीमुळे नोकरी गेल्यावर आपण वैध हेम्पजन्य माल घेत होतो असा दावा केला. चौथ्या सर्किटने सप्टेंबर २०२४ मध्ये तो निकाली काढताना टीएचसी-ओबाबतची डीईएची कडक भूमिका नाकारली, आणि तरीही ती महिला हरली, कारण आपण घेतलेला माल ०.३ टक्क्यांच्या आत होता हे ती सिद्ध करू शकली नाही. पदार्थ वैध असू शकतो, पण तो वैध होता हे दाखवण्याचा भार घेणाऱ्यावर, हा या निकालाचा ग्राहकासाठी धडा आहे.

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा कामाच्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी तरुणांना हा भार दुपटीने लागू होतो. स्थलांतर कायदा संघीय आहे. अंमली पदार्थाचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झालेला नसतानाही, त्याचे आवश्यक घटक अधिकाऱ्यापुढे कबूल केल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो, आणि राज्याने दिलेली मोकळीक तेथे बचाव ठरत नाही. भारतात परतताना सामानात राहिलेले गमीचे पाकीट आणखी निराळ्या कायद्याखाली येते. १९८५ च्या अंमली औषधिद्रव्ये कायद्यात गांजा आणि चरस ठरतात ते झाडाच्या भागावरून, टक्केवारीवरून नव्हे. फुलोऱ्याविना असलेली पाने त्यातून सुटतात आणि म्हणून भांगेचे नियमन राज्यांकडे राहते, पण वेगळे काढलेले टीएचसी हे त्या कायद्यात मनोव्यापारांवर परिणाम करणारे द्रव्य म्हणून नोंदलेले आहे. अमेरिकी दुकानाची पावती येथे उपयोगाची नाही.

टक्क्यांकडून मिलिग्रॅमकडे

काँग्रेसने आपली फट बुजवली ती ४३ दिवस ठप्प झालेले सरकारी कामकाज सुरू करणाऱ्या खर्चाच्या कायद्यातून. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या या कायद्याने हेम्पची व्याख्या बदलली: डेल्टा-९ ऐवजी टीएचसीएसह एकूण टीएचसी मोजायचे, झाडात तयार होऊ न शकणारी किंवा झाडाबाहेर घडवलेली कॅनाबिनॉइड वगळायची, आणि ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या संपूर्ण डब्यात टीएचसी व तत्सम परिणामाची द्रव्ये मिळून ०.४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावीत. अंमल एका वर्षाने. धागा आणि बियांसाठी घेतलेल्या पिकाला नव्या व्याख्येने हात लावला नाही. २०१८ ची व्याख्या पुढे रेटणारे केंटकीचे सिनेटर मिच मॅकॉनेल हेच या दुरुस्तीचे प्रमुख पुरस्कर्ते होते, आणि ती काढून टाकण्याचा त्याच राज्याचे सिनेटर रँड पॉल यांचा प्रयत्न ७६ विरुद्ध २४ मतांनी फसला. १० मिलिग्रॅमची एक गमी या मर्यादेच्या २५ पट आहे; नशेसाठी न घेतली जाणारी, पण किंचित टीएचसी असलेली सीबीडीची तेलेही बहुतांशी तिच्याबाहेर जातात. मिनेसोटासारख्या राज्याने नियमांत बसवलेला बाजारही संघीय दृष्टीने मारिवानाच्या रांगेत येतो.

नवी व्याख्या जुन्या व्याख्येपेक्षा एका बाबतीत निश्चित शहाणी आहे: ती शेतातील झाड न मोजता ग्राहकाच्या हातातील डबा मोजते. परंतु मोजमाप सुधारले म्हणून धोरण तयार होत नाही. २०१८ साली काँग्रेसने एका आकड्याने सर्व काही मोकळे केले, २०२५ साली दुसऱ्या आकड्याने जवळजवळ सर्व काही बंद केले, आणि कोणी, कोणाला, किती मात्रेत, कोणाच्या तपासणीनंतर विकावे हा मधला प्रश्न दोन्ही वेळा राज्यांवर सोडला. तो प्रश्न सोडवता येतो हे मिनेसोटाच्या मिलिग्रॅमच्या मर्यादेने, वयाच्या अटीने आणि वेष्टनाच्या नियमाने दाखवले आहे, आणि तो टाळला तर काय होते हे टेक्सासच्या दुकानदाराने अनुभवले आहे. मद्य आणि तंबाखूबाबत अमेरिकेने पिकाची नव्हे, तर मालाची, विक्रेत्याची आणि ग्राहकाची व्याख्या केली. हेम्पच्या नशेबाबतही तेच करावे लागेल, मग अखेर निर्णय परवानगीचा होवो वा बंदीचा.